किल्ली कुणाकडे?
आमच्या इमारतीत गच्चीच्या दाराला कुलूप असतं आणि किल्ली सेक्रेटरींकडे. "आग लागली तर?" मी विचारलं. "माझी बेल वाजवा की!" ते म्हणाले.

मला शिकागोचं इरोक्वॉय थिएटर आठवलं. १९०३ साली नवंकोरं उघडलं, तेव्हा त्याच्या जाहिरातीत 'संपूर्ण अग्निरोधक' असं छापलेलं. जाहिरात अगदीच खोटी नव्हती हो. ३० डिसेंबरच्या दुपारच्या खेळाला आग लागली, सहाशेच्या वर माणसं गेली, त्यांत सुट्टीतली मुलंबाळं किती तरी. इमारत मात्र उभीच राहिली! काही दारांना कुलपं, काहींच्या कड्या कुणाला उमगेनात, काही दारं आत उघडणारी. मागून लोंढा रेटतोय, दार आत ओढणार कसं?

त्या खेळाला प्रिन्झलर नावाचा लोखंडी सामानाचा विक्रेता जायचा होता. कामात अडकला म्हणून वाचला. पण ती दारं त्याच्या डोक्यातून जाईनात. एका जोडीदाराच्या मदतीनं त्यानं १९०८ च्या सुमारास दाराला आडवी दांडी बसवली. आतून नुसतं अंगानं रेटा, दार उघडतं. बाहेरचा चोर बाहेरच.

हे सगळं मी सेक्रेटरींना ऐकवलं. त्यांना फार पटलं.

"बसवू या दांडी," ते म्हणाले, "फक्त वरून एक कुलूप घालू. किल्ली आहेच माझ्याकडे."