आवाजाची कमान

शाळेच्या स्नेहसंमेलनात एक दृश्य हमखास दिसते. पहिल्या रांगेतली मुले कानांवर हात ठेवून बसलेली असतात आणि शेवटच्या रांगेतले पालक ‘काय म्हणाले?’ असे एकमेकांना विचारत असतात. आवाज वाढवला तर पुढच्यांचे हाल, कमी केला तर मागच्यांचे. माणसाने हा पेच कसा सोडवत नेला, हे पाहण्यासाठी आधी दौलताबादला जाऊ.

किल्ल्यातला चांद मिनार 15व्या शतकात बहमनी सुलतान अलाउद्दीनने विजयाचे स्मारक म्हणून बांधला. त्याची उंची सुमारे 64 मीटर आहे. समजा, मिनाराच्या पायथ्याशी उभे राहून कोणी मोठ्याने बोलतो आहे. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की ध्वनीची पातळी 6 डेसिबलने घटते. 2 मीटरपासून 128 मीटरपर्यंत जाताना अंतर सहा वेळा दुप्पट होते. म्हणजे या दोन श्रोत्यांमध्ये 36 डेसिबलचा फरक!

आता बोलणाऱ्याला मिनाराच्या टोकावर नेऊ. अगदी पायथ्याशी उभा असलेला श्रोता त्याच्यापासून 64 मीटरवर आहे. 128 मीटर दूरचा श्रोता किती अंतरावर? पायथागोरसला विचारा, उत्तर येते सुमारे 143 मीटर. फरक उरला जेमतेम 7 डेसिबल. समानता आली, पण जवळचाही दूरचा झाला. शिवाय प्रत्येक सभेला मिनार कुठून आणायचा?

1915 मध्ये जेन्सन आणि प्रिडहॅम या दोघांनी अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्को येथे विजेवर चालणारे कर्णे लावून हजारोंच्या जमावाला भाषण ऐकवले. ताकदीचा प्रश्न सुटला, वाटपाचा राहिला. 1950च्या दशकाच्या सुरुवातीला लंडनच्या सेंट पॉल कॅथीड्रलमध्ये पार्किन या शास्त्रज्ञाने निराळा मार्ग घेतला. त्याने अनेक लहान स्पीकर एकावर एक रचून उभे स्तंभ केले. एकाच वेळी निघालेले त्यांचे तरंग समोर एकमेकांना बळ देतात, वर-खाली एकमेकांना खोडतात. त्यामुळे आवाज घुमटात घुमत न राहता श्रोत्यांकडे जातो.

पण सरळ स्तंभात एक खोट आहे. झोताची रुंदी तरंगलांबीवर अवलंबून असते. 100 हर्ट्झच्या ध्वनीची तरंगलांबी 3.4 मीटर, तर 10,000 हर्ट्झची केवळ 3.4 सेंटिमीटर. त्यामुळे ‘स’, ‘श’ यांसारखे तीक्ष्ण ध्वनी अरुंद पट्ट्यातच जातात. पट्ट्याबाहेरच्यांना आवाज येतो, शब्द मात्र कळत नाहीत.

उपाय होता स्तंभ वाकवण्याचा. कमानीवर बसवलेला प्रत्येक स्पीकर थोड्या वेगळ्या दिशेला पाहतो. मग झोताची रुंदी मुख्यतः कमानीच्या कोनावर ठरते, तरंगलांबीवर फारशी नाही. 1978 मध्ये अमेरिकी नौदलाच्या संशोधकांनी पाण्याखालील ध्वनियंत्रांसाठी हे गणित मांडले. 2000 मध्ये डॉन कील यांनी ते हवेतल्या स्पीकरसाठी वापरले.

दरम्यान फ्रान्समध्ये ख्रिस्तियान हाइल या भौतिकशास्त्रज्ञाने दुसरी अडचण हेरली होती. शेजारचे स्पीकर एकजीव होण्यासाठी त्यांच्यातले अंतर अर्ध्या तरंगलांबीपेक्षा कमी हवे. तीक्ष्ण ध्वनीसाठी ते एक-दोन सेंटिमीटर भरते. एवढ्या जवळ स्पीकर बसणार कसे? हाइल यांनी स्पीकरच्या तोंडाशी असा मार्ग बनवला, की त्यातून जाणाऱ्या सर्व तरंगांना सारखेच अंतर कापावे लागेल. मग ते बाहेर पडतात ते सलग उभ्या पट्टीसारखे. सहकारी मार्सेल उर्बान यांच्यासह त्यांनी 1992 मध्ये आपला शोधनिबंध मांडला. आज मोठ्या मैफलीत मंचाच्या दोन्ही बाजूंना टांगलेल्या स्पीकरच्या माळा याच वंशातल्या आहेत.

या माळा वर जवळजवळ सरळ आणि खाली जास्त वाकलेल्या का असतात? वर्गात काढून पाहा. स्पीकर 8 मीटर उंचीवर आहे असे समजा. 8 ते 16 मीटरवरचे श्रोते त्याच्या दृष्टीने सुमारे 18 अंशांत मावतात, तर 40 ते 80 मीटरवरचे अवघ्या साडेपाच अंशांत! म्हणून दूरच्यांसाठी अनेक पेट्या जवळजवळ एकाच दिशेने रोखायच्या, जवळच्यांसाठी थोड्याच पेट्या फाकवून लावायच्या. मुलांकडून आलेख कागदावर हे कोन मोजून घ्या. माळेचा आकार आपोआप उमटेल.

मात्र कमानीलाही मर्यादा आहे. तिचे राज्य तिच्या लांबीपेक्षा बऱ्याच लहान तरंगांवरच चालते. ढोलाचे खोल ठोके तिला जुमानत नाहीत. ते मैदानाबाहेरच्या घरांत, दवाखान्यांतही शिरतात. तिथे एकच उपाय उरतो, आवाजाची कळ कमी करणे. नीट वाटला तर थोडा आवाजही सर्वांना पुरतो, हे एकदा उमगले की ते जड जात नाही.