खुर्चीवर बसल्याचा गुन्हा : बोरसद १९३६ आणि आजची कार्यालये

कार्यालयात वरिष्ठाने कॉलर धरली, फाइल तोंडावर फेकली, अंगावर धावून आला, की आपल्या माणसाला दोन सल्ले मिळतात. घरचे म्हणतात, नोकरी टिकव, दुर्लक्ष कर. वस्तीतली पोरे म्हणतात, तिथेच एक कानाखाली द्यायची होती. हे दोन्ही सल्ले आम्ही ऐकले आहेत आणि खरे सांगायचे तर कधी ना कधी दिलेही आहेत. पण दोन्हींत चूक एकच आहे. मारणारा आणि मार खाणारा, एवढे दोघेच त्यात दिसतात. त्या खोलीत बाकी कोण होते, हा प्रश्न कोणीच विचारत नाही.

हा प्रश्न आम्हाला एका जुन्या जबानीने शिकवला. ६ मार्च १९३८ रोजी मुंबईत दादरला, वुलन मिलच्या मागच्या कासारवाडीत, इंदुलाल याज्ञिकांच्या अध्यक्षतेखाली सफाई कामगार समाजाची सभा झाली. कागदोपत्री तेव्हा या समाजाला 'भंगी' म्हणत. त्या सभेत परमार कालिदास शिवराम हा तरुण उभा राहिला आणि आपल्याला नोकरी का सोडावी लागली ते त्याने सांगितले. बाबासाहेबांनी ती हकीकत 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आपल्या आठवणींच्या टिपणात नोंदवून ठेवली. ते टिपण त्यांच्या हयातीत छापले गेले नाही. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९९० साली ते पुस्तिकारूपाने काढले. त्यातला बडोद्याचा प्रसंग आपल्याकडे सगळ्यांना पाठ असतो. कालिदासांचा मात्र भाषणांत फारसा येत नाही, म्हणून तो इथे सविस्तर सांगतो.

कालिदास १९३३ साली व्हर्नाक्युलर फायनल पास झाले होते. इंग्रजी चौथीपर्यंत शिकलेले. मुंबई महापालिकेच्या शाळेत जागा नव्हती, म्हणून त्यांनी अहमदाबादच्या मागासवर्ग अधिकाऱ्याकडे तलाठ्याच्या जागेसाठी अर्ज केला. १९ फेब्रुवारी १९३६ रोजी खेडा जिल्ह्यातील बोरसदच्या मामलेदार कचेरीत त्यांची नेमणूक झाली. अर्जात जात लिहिलेली होती, तेव्हा कचेरीत सगळ्यांना ठाऊकच असणार, अशी त्यांची समजूत होती. सरकारी कचेरीत शिवाशिव पाळतात हे त्यांच्या गावीही नव्हते.

हजर व्हायला गेले तर कारकुनाने विचारले, तू कोण? कालिदासांनी आपण हरिजन असल्याचे सांगितले. (हा शब्द आम्हाला मान्य नाही. १९३८ सालीच बाबासाहेबांच्या स्वतंत्र मजूर पक्षाने मुंबई विधानसभेत या शब्दाविरुद्ध सभात्याग केला होता. पण त्या तरुणाने तेव्हा तोच वापरला, म्हणून लिहितो.) कारकून म्हणाला, दूर हो, कचेरीत आहेस म्हणून वाचलास, बाहेर असतास तर सहा लाथा घातल्या असत्या. मग नेमणुकीचा हुकूम आणि दाखला त्याने जमिनीवर टाकायला लावला आणि तिथून उचलून घेतला.

त्या सहा लाथा पडल्या नाहीत, याकडे लक्ष द्या. कारकुनाला मारायची इच्छा होती, ताकद होती, लाजही नव्हती. तरी त्याचा पाय थांबला. का? तर कचेरी म्हणजे नोंद ठेवणारी जागा, आणि तिथे घडलेल्या गोष्टीचा उद्या जाब विचारला जाऊ शकतो, एवढे भान त्याला होते. पाय थांबला, पण लाथेची धमकी कालिदासांनी पहिल्याच दिवशी ऐकली.

पुढे जे झाले त्यात बरेच दिवस कोणी हात उगारला नाही. व्हरांड्यात पिण्याच्या पाण्याचे डबे होते. कालिदासांसाठी एक गंजके भांडे वेगळे ठेवले होते आणि त्यात पाणी ओतायचे ते पाणक्याने. ते येताना दिसले की पाणक्या सटकायचा. गावात सवर्ण घर भाड्याने देईनात. अस्पृश्य वस्तीही सवर्णांच्या भीतीने जागा देईना. सकाळ-संध्याकाळ भजी विकत घ्यायची, गावाबाहेर एकट्याने खायची आणि रात्री मामलेदार कचेरीच्या व्हरांड्यात झोपायचे, असे त्यांनी चार दिवस काढले. मग जेंत्राल या आपल्या वडिलोपार्जित गावी राहून ते दीड महिना रोज अकरा मैल पायी जाऊन-येऊन नोकरी करत राहिले.

त्यानंतर मामलेदाराने त्यांना काम शिकायला जेंत्रालच्या तलाठ्याकडे पाठवले. दोन महिन्यांत तलाठ्याने काहीही शिकवले नाही. गावकचेरीचा उंबरठा ओलांडता आला नाही. गावचा मुखी एकदा म्हणाला, तुझा बाप, तुझा भाऊ ही कचेरी झाडतात आणि तू आमच्या बरोबरीने इथे बसणार?

मग सैजपूरचा दिवस उजाडला. लोकसंख्येचा तक्ता करायला तलाठ्याने त्यांना तिथे बोलावले होते. मुखी आणि तलाठी कचेरीत काम करत बसले होते. कालिदासांनी दारातून नमस्कार केला. दोघांनी मान वर केली नाही. पंधरा मिनिटे उभे राहिल्यावर कालिदास वैतागून तिथल्या एका रिकाम्या खुर्चीवर बसले.

आणि मुखी व तलाठी काही न बोलता उठून निघून गेले.

या संपूर्ण हकिकतीत आम्हाला सर्वात भयानक वाटते ती हीच जागा. शिवी नाही, धमकी नाही. दोन सरकारी माणसे शांतपणे खोली रिकामी करतात, आणि थोड्याच वेळात त्या खोलीभोवती जमाव उभा राहतो. जमावाचा पुढारी कोण? गावच्या वाचनालयाचा ग्रंथपाल. खुर्ची त्याची होती. शिकलेला माणूस जमावाच्या पुढे कसा, हे कालिदासांना उमगले नाही. आपल्याला उमगायला हरकत नाही. शाळेने जात धुऊन निघते हा भ्रम आपल्यातल्या काहींना अजूनही आहे. ग्रंथपालाच्या सांगण्यावरून रावणियाने, म्हणजे गावच्या चाकराने, खुर्ची काढून घेतली. कालिदास जमिनीवर बसले. जमाव आत शिरला. कोणी धारियाने तुकडे करण्याची भाषा करू लागले.

तेव्हा त्या तरुणाने काय केले? रावणियाकडून कागदाचा कपटा मागितला, आपले फाउंटन पेन काढले आणि सगळ्यांना वाचता येईल अशा ठळक अक्षरांत मामलेदाराला लिहिले की आज आपल्यावर मृत्यू येत आहे, आईवडिलांना कळवावे. जमावाला धाक बसावा, हाही हेतू होता, असे ते स्वतः सांगतात. ग्रंथपालाने ते वाचले आणि ताबडतोब फाडायला लावले.

म्हणजे शंभर हातांना धाक होता तो एका कपट्याचा. पण तो कागद फाडून घेता आला, कारण तिथे कालिदास एकटे होते. नोकरी सोडण्याचे वचन देऊन, गयावया करून, संध्याकाळी सात वाजता त्यांची सुटका झाली. तोवर ना मुखी परतला, ना तलाठी. कालिदास पंधरा दिवसांची रजा घेऊन मुंबईला आईवडिलांकडे आले.

'एक कानाखाली द्यायची' म्हणणाऱ्या मित्रांना आम्ही विचारतो, त्या खोलीत कोणाच्या आणि किती? महाडला २० मार्च १९२७ रोजी मंडपात जेवणाऱ्या आपल्या माणसांवर लाठ्या पडल्या, तेव्हा उलट मारायला आपले लोक संख्येने कमी नव्हते आणि तयारही होते. बाबासाहेबांनी त्यांना थोपवले आणि खटला केला. पाच हल्लेखोरांना चार महिन्यांची सक्तमजुरी झाली. बाबासाहेब लाठीला भीत नव्हते. पण दंगलीच्या नोंदीत दोन्ही बाजू सारख्या दिसतात, हे त्या बॅरिस्टराला पक्के ठाऊक होते.

आणि 'दुर्लक्ष कर' म्हणणाऱ्यांना? कालिदासांनी साडेतीन महिने दुर्लक्षच केले होते. पाण्याकडे, घराकडे, जेवणाकडे, न शिकवलेल्या कामाकडे. त्याच साडेतीन महिन्यांत समोरच्यांना कळत गेले की या माणसाच्या मागे कोणी नाही.

आज खुर्ची मिळते, पाण्याचा कूलर सगळ्यांचा असतो. कागद मात्र आता त्यांच्या हातात आहे. २० मार्च २०१८ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आठवा. ॲट्रॉसिटी कायद्याखाली लोकसेवकाला अटक करण्याआधी त्याच्या नेमणूक अधिकाऱ्याची परवानगी लागेल, असे त्यात म्हटले होते. ते प्रकरण सुरू झाले कुठे? कऱ्हाडच्या शासकीय औषधनिर्माण महाविद्यालयात, अनुसूचित जातीच्या एका कर्मचाऱ्याच्या गोपनीय अहवालातल्या वरिष्ठांच्या शेऱ्यावरून. २ एप्रिलला भारत बंद झाला, माणसांचे जीव गेले, मग ऑगस्टमध्ये संसदेने कलम १८-अ आणले आणि पुढच्या वर्षी न्यायालयाने आपले निर्देश मागे घेतले. लढाई रस्त्यावर जिंकली, पण ती पेटली होती कार्यालयातल्या एका शेऱ्यावरून, हे आपण विसरलो.

आणखी एक पळवाट केबिनच्या दाराची आहे. जातीवरून अपमान केल्याचे कलम लागायला तो लोकांच्या नजरेसमोर व्हावा लागतो. चार भिंतींच्या आत, बाहेरचे कोणी हजर नसताना झालेला अपमान त्यात बसत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली म्हटले. साहेबांना हे वकिलांकडून कळते, आमच्या शिपायाला दार बंद झाल्यावर कळते. कर्तव्यात कसूर करणाऱ्या लोकसेवकासाठी कलम ४ आहे, पण ते तक्रार न नोंदवणाऱ्यासारख्यांसाठी. वेळ साधून खोलीतून उठून जाणाऱ्याला ते शिवत नाही. सैजपूरचा तलाठी आजही सुटेल.

म्हणून आमच्याकडे कोणी तक्रार घेऊन आले की काय झाले, कधी झाले हे लिहून घेतल्यावर आम्ही एक जास्तीचा प्रश्न विचारतो : तुमच्या अंगावर हात पडण्याच्या आधी तिथून कोण उठून गेले? अशाच एका कार्यालयातला, चाळिशीचा एक बांधव या प्रश्नावर बराच वेळ गप्प बसला. मारणाऱ्याचे नाव त्याने आल्या आल्या सांगितले होते. ही दोन नावे सांगायला त्याला अर्धा तास लागला, कारण त्यातला एक रोज त्याच्यासोबत डबा खात होता. दोन्ही नावे आम्ही साक्षीदारांच्या यादीत पहिली घातली.