खोटे, दुर्गा
(१४ जानेवारी १९०५–२२ सप्टेंबर १९९१). मराठी रंगभूमी व मराठी-हिंदी चित्रपटांतील श्रेष्ठ अभिनेत्री. जन्म मुंबईतील सुखवस्तू लाड कुटुंबात. सासरच्या आर्थिक विपन्नावस्थेमुळे त्या चित्रपटांकडे वळल्या. पण ‘फरेबी जाल’ (१९३१) मधील अल्प भूमिकेने लोकनिंदाच पदरी आली. प्रभात फिल्म कंपनीने कोल्हापुरात निर्मिलेल्या ‘अयोध्येचा राजा’ (१९३२) या बोलपटातील तारामतीने मात्र हा कलंक पुसला आणि सुशिक्षित, कुलीन स्त्रियांची या क्षेत्रातील वाट मोकळी केली. पुढे देवकी बोस यांच्या ‘सीता’ (१९३४) मध्ये त्यांनी नायिका रंगविली. तथापि ‘अमरज्योती’ (१९३६) मधील बंडखोर सौदामिनी हीच त्यांची सर्वांत तेजस्वी भूमिका मानावी लागेल. ‘भाऊबंदकी’ नाटकातील त्यांची आनंदीबाईही गाजली. दादासाहेब फाळके पुरस्कार (१९८३).