हात लावण्याचा इतिहास : डिचपल्ली ते वरोरा



संत मार्कच्या शुभवर्तमानात पहिल्याच अध्यायात एक कुष्ठरोगी येशूसमोर गुडघे टेकतो. हा उतारा आपण बहुधा चमत्कार म्हणून ऐकतो आणि पुढे जातो. पण त्यातला क्रम पाहा. प्रभू आधी हात लावतो. मग तो माणूस शुद्ध होतो. आणि शेवटी प्रभू त्याला याजकाकडे पाठवतो. हे शेवटचे आपण घाईने वाचतो. याजकाने पाहून शुद्ध ठरवल्याशिवाय त्या माणसाला गावात, घरात परत येता येत नव्हते. त्वचा बरी झाली म्हणून काम संपले असे प्रभूने मानले नाही, तो माणूस घरी पोचावा याची वाटही त्याने करून दिली.

ख्रिस्तसभेला ही तीन पावले एकदम जमली नाहीत. ११७९ च्या लॅटरन धर्मसभेने कुष्ठरोग्यांना स्वतःचे चर्च, स्वतःचा याजक आणि स्वतःची दफनभूमी असू द्यावी असा नियम केला. हेतू दयेचाच होता, कारण काही ठिकाणी त्यांना तेवढेही मिळत नव्हते. पण सगळे मिळाले ते वेगळे मिळाले. गावाबाहेरची दया, असे मी त्याला म्हणतो.

मोलोकाई बेटावर १८७३ मध्ये गेलेले आणि १८८९ मध्ये त्याच रोगाने वारलेले फादर डेमियन आपल्याला ठाऊक आहेत. धर्मशिक्षणाच्या वर्गात मुले त्यांचे चित्रही काढतात. मात्र आमच्या बेल्लमपल्लीच्या मुलांना डिचपल्लीचे नाव विचारा, बहुतेक गप्प बसतात. गोदावरी ओलांडली की निजामाबाद, आणि तिथून जवळच डिचपल्ली. दूरचे संत लवकर पाठ होतात!

डॉ. इझाबेल केर या स्कॉटलंडच्या. ॲबर्डीन विद्यापीठातून त्या डॉक्टर झाल्या आणि १९०७ मध्ये वेस्लियन मेथडिस्ट मिशनच्या वतीने पती रेव्ह. जॉर्ज केर यांच्यासह निजामाच्या हैदराबाद राज्यात आल्या. १९११ मध्ये त्यांनी कुष्ठरोग्यांसाठी एक लहानसे आश्रयस्थान सुरू केले. लोक इतके येऊ लागले की जागा पुरेना. तेव्हा नरसा गौड या श्रीमंत हिंदू गृहस्थांनी पैसा दिला आणि १९१५ मध्ये डिचपल्लीला व्हिक्टोरिया रुग्णालय उभे राहिले. ख्रिस्ती सेवेच्या कथा सांगताना आपण कधी कधी असे देणारे हात वगळतो. ते बरोबर नाही. चांगल्या शोमरोनीची गोष्ट सांगणाऱ्या प्रभूला नरसा गौड परके वाटले नसते.

डिचपल्लीला नुसते अन्न आणि निवारा द्यायचा नव्हता, उपचार करायचे होते. त्या काळी औषध म्हणजे तेल. आपल्याकडे ज्याला कडू कवठ म्हणतात त्या झाडाच्या बियांचे. आयुर्वेदात ते तुवरक म्हणून जुन्या काळापासून माहीत होते. पण पोटात घेतले की मळमळ व्हायची, रोगी औषध सोडून द्यायचे. पुढे कलकत्त्यात डॉ. लिओनार्ड रॉजर्स आणि डॉ. अर्नेस्ट मुइर यांनी ते सुईने देण्याच्या पद्धती सुधारल्या. सुई दुखायची, आणि एकदा देऊन भागत नसे. आठवड्यामागून आठवडे, महिनोन् महिने तेच. रोग लवकर सापडला तर काहींना गुण यायचा, जुन्या रोग्यांना फारसा नाही. तरी ज्याच्या सावलीलाही लोक टाळत, त्याचा हात हातात घेऊन कोणीतरी नेमाने सुई टोचत होते. १९२३ मध्ये केर पतिपत्नी दोघांनाही कैसर-ए-हिंद पदक मिळाले. इझाबेल १९३२ मध्ये वारल्या. रुग्णालय त्यांच्यानंतरही चालू राहिले.

त्याच काळात ब्रिटिश हिंदुस्थानात १८९८ चा कुष्ठरोग्यांविषयीचा कायदा होता. गरीब, भीक मागणाऱ्या कुष्ठरोग्याला पोलीस वॉरंटाशिवाय पकडू शकत आणि त्याला आश्रमात ठेवले जाई. कुष्ठरोग्यांचे आश्रम चालवण्यात मिशनांचा वाटा मोठा होता. हे वाचताना मला अवघड वाटते. मलमपट्टी करणारे हात आणि फाटक बंद करणारे हात एकाच घरात राबत होते. त्या बहिणींच्या आणि डॉक्टरांच्या त्यागाविषयी शंका नाही, पण तिसरे पाऊल राहिले होते. हा कायदा रद्द व्हायला २०१६ साल उजाडले.

आता आमच्या रेल्वेलाइनवर उत्तरेकडे चला. बेल्लमपल्लीहून बल्लारशाकडे जाणारी गाडी पुढे चंद्रपूर, वरोरा करत वर्ध्याकडे जाते. आमचा आदिलाबाद धर्मप्रांत १९९९ पर्यंत चांदा धर्मप्रांतातच होता, त्यामुळे हा रस्ता आम्हाला परका नाही. वर्ध्याजवळ दत्तपूरला मनोहर दिवाण यांनी १९३६ मध्ये कुष्ठधाम सुरू केले. सेवाग्राममध्ये गांधीजी कुष्ठरोग झालेल्या परचुरेशास्त्रींना स्वतः मालीश करत. आणि वरोऱ्याचे बाबा आमटे! पावसात गटारात पडलेला तुळशीराम पाहून बाबा आधी घाबरून पळाले, हे त्यांनी स्वतःच सांगितले आहे. मग परत फिरले, त्याची सेवा केली आणि पुढे कलकत्त्याला जाऊन रोगाचे शिक्षण घेतले. १९४९ मध्ये महारोगी सेवा समिती स्थापन झाली. त्यांनी आणि साधनाताईंनी आनंदवन उभे केले तेव्हा हाताशी सहा रोगी, एक लंगडी गाय आणि चौदा रुपये होते. तिथे रोग्याच्या हाती भिकेचा कटोरा दिला नाही, कुदळ दिली. विहीर खणली, शेती केली, मालही विकला. बाबा ख्रिस्ती नव्हते. पण तिसरे पाऊल टाकताना या भागात त्यांच्याइतके पुढे फार थोडे गेले.

कुदळ धरायची तर बोटे हवीत. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात डॉ. पॉल ब्रँड यांनी १९४७ पासून कुष्ठरोग्यांच्या वाकड्या बोटांवर शस्त्रक्रिया सुरू केल्या. रोग बोटे खातो ही समजूत त्यांनी मोडून काढली. बोटांना वेदना कळत नाही, म्हणून चटके बसतात, जखमा होतात, आणि बोटे त्या जखमांनी जातात. काही रोग्यांची बोटे रात्री झोपेत उंदीर कुरतडत आणि त्यांना पत्ता लागत नसे! मग घरी परतणाऱ्या रोग्याला सोबत मांजर देऊ लागले. मला या मांजराची गोष्ट फार आवडते. त्यात कळवळा आहे, निरीक्षण आहे, आणि माणूस घरी जाणार हे गृहीत धरलेले आहे. पायांसाठी मऊ रबराच्या चपलाही तिथेच तयार झाल्या. आपण चाळीस दिवसांच्या उपासकाळात चादरी वाटतो, फोटो काढतो. कोणाच्या पायाला काय टोचते हे त्या फोटोत येत नाही.

दरम्यान औषध बदलले होते. १९४० नंतर सल्फोन गोळ्या आल्या आणि १९८१ पासून बहुविध औषधोपचार. आज रोगाच्या प्रकारानुसार सहा किंवा बारा महिने गोळ्या घेतल्या की माणूस बरा होतो, आणि सरकारी दवाखान्यात त्या मोफत मिळतात. असे असताना २००१ मध्ये आपल्या, म्हणजे ख्रिस्ती लोकांच्या, घटस्फोट कायद्यात दुरुस्ती झाली तेव्हा असाध्य कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण म्हणून लिहिले गेले. ख्रिस्ती विवाहाच्या कायद्यात! ते कारण काढले गेले २०१९ मध्ये, इतर धर्मीयांच्या कायद्यांबरोबर. म्हणजे गोळ्या आल्यानंतरही आपल्या कायद्याने तिसरे पाऊल टाकले नव्हते.

आमच्याकडे आशाताई घरोघर जाऊन अंगावरचे चट्टे पाहतात. फिकट किंवा लालसर चट्टा, त्यावर स्पर्श कळत नाही, घाम येत नाही, अशी खूण असेल तर तपासून घ्यायचे असते. अनेक घरांत लोक चट्टा झाकतात, विशेषतः मुलीचे लग्न ठरायचे असेल तेव्हा. चर्चमधल्या बायकांचे ऐकून तरी दार उघडतील अशी घरे कोणती, हे आशाताईंपेक्षा आपल्याला जास्त माहीत असते. पुढची फेरी येईल तेव्हा सोबत जाण्यासाठी नावे हवी आहेत. रविवारी मिस्सेनंतर मी वही घेऊन दाराशी थांबेन.