संसदेचे डिजिटलीकरण : नोंद खुली झाली, प्रक्रिया किती?

भिलाईतील हुडको वसाहत दुर्ग लोकसभा मतदारसंघात मोडते. वसाहतीला ज्याचे नाव मिळाले ते १९७० मध्ये स्थापन झालेले गृहनिर्माण व नगरविकास महामंडळ केंद्र सरकारचे आहे आणि ज्याच्यामुळे हे शहर उभे राहिले तो पोलाद कारखानाही केंद्र सरकारच्याच उपक्रमाचा. त्यामुळे कारखान्यातील नोकरभरती, कंत्राटी कामगारांचे वेतन, नगरवसाहतीतील घरांचे भाडेपट्टे अशा विषयांवरील अधिकृत उत्तरे रायपूरपेक्षा दिल्लीत, संसदेच्या पटलावर येण्याचा संभव अधिक. कारखान्यासाठी विदर्भातून आलेल्या मराठी कुटुंबांनाही हाच नियम लागू आहे. एकेकाळी अशा उत्तरासाठी वर्तमानपत्रातील चार ओळींवर किंवा खासदारांच्या कार्यालयावर अवलंबून राहावे लागे. आज तेच उत्तर संसदेच्या संकेतस्थळावर भ्रमणध्वनीवरून वाचता येते. हा बदल मोठा आहे. मात्र काय दिसते आणि काय अजूनही दिसत नाही, हे तपासल्याशिवाय त्याचे मोल ठरवता येत नाही.

या प्रदेशाचा संसदीय पारदर्शकतेशी असलेला संबंध जुना आहे. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपर्यंत दुर्ग जिल्ह्याची विधानसभा नागपुरात भरत असे. मध्य प्रांत व वऱ्हाडच्या त्या विधानसभेचे अध्यक्षपद दुर्गचेच घनश्यामसिंह गुप्त यांनी भूषविले. पुढे संविधान सभेचे सदस्य असताना संविधानाचा हिंदी अनुवाद करणाऱ्या तज्ज्ञ समितीचे ते अध्यक्ष झाले. कायदा ज्यांना लागू होतो त्यांना तो त्यांच्या भाषेत वाचता आला पाहिजे, हा प्रश्न तेव्हाही होता. संगणक आल्याने तो सुटलेला नाही.

संसदेत काय बोलले गेले हे छापण्याचा हक्कसुद्धा आपोआप मिळालेला नाही. सभागृहात खासदाराला अनुच्छेद १०५ चे संरक्षण होते, पण त्याचे भाषण छापणाऱ्या संपादकाला ते नव्हते. ही उणीव दूर करणारे विधेयक फिरोझ गांधी यांनी खासगी सदस्य म्हणून मांडले आणि १९५६ मध्ये त्याचा कायदा झाला. आणीबाणीत, १९७६ मध्ये, तो रद्द करण्यात आला. १९७७ मध्ये तो पुन्हा अमलात आला आणि ४४ व्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ३६१ क जोडून त्या संरक्षणाला संविधानाचा आधार दिला. आजचे थेट प्रक्षेपण याच पायावर उभे आहे. राष्ट्रपतींचे अभिभाषण दूरचित्रवाणीवर प्रथम थेट दाखवले गेले ते डिसेंबर १९८९ मध्ये. लोकसभा वाहिनी २००६ साली, सोमनाथ चटर्जी लोकसभाध्यक्ष असताना सुरू झाली. राज्यसभेची वाहिनी २०११ मध्ये आली आणि १५ सप्टेंबर २०२१ रोजी दोन्ही एकत्र करून ‘संसद टीव्ही’ करण्यात आली.

सामान्य नागरिकाच्या दृष्टीने सर्वांत उपयुक्त भाग प्रश्नांचा आहे. लोकसभेत प्रश्नाची सूचना किमान १५ पूर्ण दिवस आधी द्यावी लागते आणि अग्रक्रम सोडतीने ठरतो. एका दिवसाच्या यादीत २० तारांकित आणि २३० अतारांकित प्रश्न असतात. तारांकित प्रश्नाला मंत्री तोंडी उत्तर देतात व त्यावर पूरक प्रश्न विचारता येतात. अतारांकित प्रश्नाचे उत्तर लेखी येते. गदारोळात प्रश्नोत्तराचा तास वाहून गेला तरी लेखी उत्तरे पटलावर ठेवलीच जातात, हे अनेकांना ठाऊक नसते. संकेतस्थळावर सदस्याचे नाव, मंत्रालय आणि अधिवेशन यांनुसार शोध घेता येतो. भिलाईच्या कारखान्याविषयी पोलाद मंत्रालयाने काय सांगितले, कोणत्या खासदाराने ते विचारले आणि कोणी विचारले नाही, हे कोणालाही पाहता येते.

‘माहिती गोळा केली जात आहे’ या छापाच्या उत्तराचा पुढचा प्रवास त्याहून महत्त्वाचा. असे उत्तर बहुधा आश्वासन मानले जाते आणि ते तीन महिन्यांत पूर्ण करणे अपेक्षित असते. त्यावर लक्ष ठेवण्यासाठी लोकसभेत १९५३ पासून शासकीय आश्वासन समिती आहे. प्रलंबित आश्वासनांचा पाठपुरावा संगणकावर व्हावा म्हणून संसदीय कार्य मंत्रालयाने २०१८ मध्ये ऑनलाइन प्रणाली सुरू केली. कागदी फायलीत हरवणारे आश्वासन आता तारखेसह दिसते. ते पूर्ण करायचे की नाही, हे मात्र मंत्रालयावरच आहे.

प्रश्न ऑनलाइन दाखल होऊ लागल्यावर जुना दोष नव्या रूपात समोर आला. पैसे घेऊन प्रश्न विचारल्याच्या प्रकरणात डिसेंबर २००५ मध्ये दोन्ही सभागृहांतील ११ सदस्यांना निष्कासित करण्यात आले. त्यांत भिलाईशेजारच्या राजनांदगावचे, तसेच महाराष्ट्रातील जळगाव आणि एरंडोलचे लोकसभा सदस्य होते. सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये हा निर्णय कायम ठेवला. अठरा वर्षांनी, ८ डिसेंबर २०२३ रोजी, महुआ मोइत्रा यांचे सदस्यत्व रद्द झाले ते संसदेच्या पोर्टलचा लॉगिन तपशील बाहेरच्या व्यक्तीला दिल्याच्या मुद्द्यावर. पैसे घेतल्याचा आरोप त्यांनी फेटाळला. खासदारांचे साहाय्यक असे काम सर्रास करतात, असा युक्तिवादही तेव्हा झाला. २०२४ च्या निवडणुकीत त्या पुन्हा निवडून आल्या. स्वाक्षरीच्या जागी परवलीचा शब्द आला, तरी प्रश्न नेमका कोणाचा, ही शंका तशीच राहिली.

मतदानाच्या बाबतीत यंत्रापेक्षा प्रथेचा प्रभाव अधिक आहे. लोकसभेत मतनोंदणीची विद्युत यंत्रणा १९५७ पासून आहे. पण बहुतेक निर्णय आवाजी मतदानाने होतात आणि आवाजी मतदानाची नावनिहाय नोंद उरत नाही. आपल्या खासदाराने एखाद्या विधेयकावर कोणत्या बाजूने मत दिले, हे दुर्गच्या मतदाराला त्यामुळे बहुतांश वेळा कळूच शकत नाही. त्यासाठी कोणीतरी मतविभागणी मागावी लागते. २० सप्टेंबर २०२० रोजी राज्यसभेत कृषी विधेयके आवाजी मतदानाने मंजूर झाली. विरोधकांनी मतविभागणीची मागणी डावलल्याचा आरोप केला, तर सदस्य आपापल्या जागेवर नव्हते असे उपसभापतींचे म्हणणे होते. त्या गोंधळात प्रक्षेपणाचा आवाजही काही काळ बंद होता.

नव्या संसद भवनाचे उद्घाटन २८ मे २०२३ रोजी झाले आणि १९ सप्टेंबरपासून तेथे कामकाज सुरू झाले. लोकसभेच्या नव्या सभागृहात ८८८ आसने आहेत. दुसऱ्याच दिवशी महिला आरक्षण विधेयक ४५४ विरुद्ध २ मतांनी संमत झाले, तेही कागदी चिठ्ठ्यांवर. नव्या सभागृहात विद्युत मतनोंदणी प्रथम वापरली गेली १७ डिसेंबर २०२४ रोजी, ‘एक देश, एक निवडणूक’ विधेयक मांडण्याच्या वेळी. फलकावर आधी २२० विरुद्ध १४९ असे आकडे झळकले. चिठ्ठ्या मोजून झाल्यावर अंतिम निकाल २६९ विरुद्ध १९८ असा जाहीर झाला. म्हणजे जवळपास शंभर मतांची नोंद यंत्राबाहेर, कागदावर झाली. अंतिम आकडा चिठ्ठ्यांसह जाहीर झाला हे योग्यच. पण नव्या यंत्रालाही जुन्या कागदाचा आधार लागला.

खरा अडसर समित्यांमध्ये आहे. १९९३ पासून विभागवार स्थायी समित्या मंत्रालयांच्या कामाची तपासणी करतात. भिलाईशी थेट संबंधित अशी समिती कोळसा, खाणी व पोलाद या विषयांची. लोकसभेच्या नियमांनुसार समितीच्या बैठका खासगी असतात आणि अहवाल सभागृहासमोर येईपर्यंत साक्ष गोपनीय राहते. सदस्यांना पक्षादेशाबाहेर मोकळेपणाने बोलता यावे, हे त्यामागचे कारण नगण्य नाही. करोनाकाळात, २०२० मध्ये, ब्रिटिश कनिष्ठ सभागृहाने एप्रिलमध्येच मिश्र पद्धतीने कामकाज सुरू केले. भारतात समित्यांना दूरस्थ बैठकीची परवानगी याच गोपनीयतेच्या नियमामुळे मिळाली नाही. ब्रिटनमध्ये समित्यांच्या जाहीर साक्षी एरवीही थेट दाखवल्या जातात.

ज्या टप्प्यावर विधेयकाची बारकाईने छाननी व्हायची, त्या टप्प्यापर्यंत पोहोचणाऱ्या विधेयकांची संख्याही घटली आहे. ‘पीआरएस लेजिस्लेटिव्ह रिसर्च’ या संस्थेच्या नोंदीनुसार पंधराव्या लोकसभेत ७१ टक्के विधेयके समित्यांकडे गेली होती. सतराव्या लोकसभेत हे प्रमाण १६ टक्क्यांवर आले. पहिल्या लोकसभेच्या ६७७ बैठका झाल्या होत्या, सतराव्या लोकसभेच्या २७४. प्रक्षेपण जितके सुधारले, तितके प्रक्षेपित होण्याजोगे कामकाज कमी झाले, असे हे आकडे पाहता म्हणावे लागते. विधेयकाचा मसुदा किमान ३० दिवस जनतेसमोर ठेवावा, असे धोरण केंद्राने २०१४ मध्ये स्वीकारले. ते धोरण आहे, कायदा नव्हे. पाळले नाही म्हणून विधेयक बाद होत नाही.

उरतो भाषेचा मुद्दा. अनुच्छेद १२० नुसार संसदेचे कामकाज हिंदी किंवा इंग्रजीत चालते; ज्या सदस्याला या भाषांत नीट बोलता येत नाही, त्याला पीठासीन अधिकारी मातृभाषेत बोलण्याची परवानगी देऊ शकतात. राज्यसभेत जुलै २०१८ पासून आठव्या अनुसूचीतील सर्व २२ भाषांत भाषण करता येते व त्याचे तात्काळ भाषांतर ऐकता येते. लोकसभेतील भाषांतरात मराठीचा समावेश आधीपासून होता. फेब्रुवारी २०२५ मध्ये बोडो, डोगरी, मैथिली, मणिपुरी, संस्कृत आणि उर्दू यांची भर पडली. मार्च २०२५ मध्ये लोकसभा सचिवालयाने इलेक्ट्रॉनिक्स व माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाशी ‘संसद भाषिणी’ या कृत्रिम बुद्धिमत्तेवर आधारित भाषांतर प्रकल्पासाठी करार केला.

तरीही मंत्र्यांची लेखी उत्तरे हिंदी आणि इंग्रजीतच प्रसिद्ध होतात, आणि तीही पीडीएफ स्वरूपात. जिल्हानिहाय आकड्यांचे तक्ते जोडपत्रात असतात. दोन वर्षांची तुलना करायची तर ते आकडे हाताने उतरवून घ्यावे लागतात. हिंदी पट्ट्यात राहणाऱ्या भिलाईतील मराठी वाचकाला हिंदीची अडचण नाही. गडचिरोली किंवा सिंधुदुर्गातील वाचकाची स्थिती वेगळी आहे.

राज्यांच्या विधिमंडळांना एकाच संगणकीय मंचावर आणण्यासाठी संसदीय कार्य मंत्रालयाचा ६७३.९४ कोटी रुपयांचा ‘नेवा’ प्रकल्प २०२० मध्ये मंजूर झाला. बहुतेक राज्यांसाठी खर्चाची विभागणी केंद्र ६० टक्के व राज्य ४० टक्के अशी आहे. हिमाचल प्रदेशाने २०१४ मध्येच कागदविरहित विधानसभा सुरू केली होती. ‘नेवा’वर पूर्ण कामकाज नेणारी पहिली विधानसभा नागालँडची, मार्च २०२२ मध्ये. छत्तीसगडची पहिली विधानसभा १४ डिसेंबर २००० रोजी रायपूरच्या राजकुमार महाविद्यालयाच्या आवारात भरली होती. राज्याच्या रौप्यमहोत्सवी दिनी, १ नोव्हेंबर २०२५ रोजी, नवा रायपूर येथील विधानसभेच्या नव्या इमारतीचे उद्घाटन पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते झाले.