पाळीची जाग

१६६० साली शाहिस्तेखानाच्या फौजेने चाकणच्या संग्रामदुर्गाला वेढा घातला, तेव्हा किल्लेदार फिरंगोजी नरसाळा यांनी मूठभर शिबंदीनिशी जवळजवळ दोन महिने किल्ला लढविला. पहारेकरी बदलत राहिले. तटावरची जाग मोडली नाही. आज त्याच चाकणच्या आसमंतात कारखाने तीन पाळ्यांत चालतात. पिंपरीला १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली, पुढे आकुर्डी, भोसरी आणि चाकणपर्यंत उद्योग पसरले, आणि पोटापाण्यासाठी ठिकठिकाणची कॅथलिक कुटुंबे पुणे धर्मप्रांताच्या या पट्ट्यात येऊन वसली. येथे दीर्घ आराधनेचा विषय निघाला की पाळीवर जाणारा माणूस साहजिकच म्हणतो, ही भक्ती मठवासीयांची. आम्हांला ती कशी साधावी? इतिहास मात्र वेगळे सांगतो.

चाळीस तासांची आराधना सोळाव्या शतकात मिलान शहरात रुजली. युद्धांनी होरपळलेले ते शहर. प्रभूच्या मृत्यूपासून पुनरुत्थानापर्यंत चाळीस तास लोटले, ही संत ऑगस्टीन यांची गणना. तिच्या स्मरणार्थ पवित्र साक्रामेंतापुढे तितके तास प्रार्थना होई. एका मंदिरातले तास संपले की पुढच्या मंदिरात ती सुरू होई. पोप पॉल तिसरे यांनी १५३७ साली या प्रथेला आशीर्वाद दिला, आणि १५९२ साली पोप क्लेमेंट आठवे यांनी रोममध्ये ती वर्षभर अखंड चालेल अशी व्यवस्था लावली. म्हणजे ही भक्ती मुळातच एकमेकांच्या हाती सोपविण्याची होती.

रात्रीच्या आराधनेची कथा तर याहून जवळची. १८४८ साली पॅरिसच्या रस्त्यांवर कामगारांचे रक्त सांडले. त्याच वर्षी ६ डिसेंबरच्या रात्री हर्मन कोहेन यांनी काही प्रापंचिक पुरुषांना घेऊन तेथे रात्रभराची आराधना सुरू केली. कोहेन जन्माने ज्यू, नावाजलेले पियानोवादक, संगीतकार लिस्ट यांचे शिष्य. स्नानसंस्कार घेऊन पुरते दीड वर्षही झाले नव्हते. पुढे ते कार्मेलाइट धर्मगुरू झाले आणि १८७१ साली जर्मनीतील श्पांडाउ येथे फ्रेंच युद्धकैद्यांची सेवा करताना देवीच्या साथीत निवर्तले. आराधनेने माणूस जगापासून तुटतो असे म्हणणाऱ्यांनी हा शेवट ध्यानात घ्यावा.

आपल्याकडे १९६४ साली मुंबईत आंतरराष्ट्रीय युखरिस्त परिषद भरली आणि पोप पॉल सहावे स्वतः आले. ओव्हल मैदानावरच्या गर्दीचे कौतुक आपण पुष्कळ केले. परंतु गर्दीतली भक्ती निराळी आणि रात्री दोनचा एकट्याचा तास निराळा.

ख्रिस्तसभेच्या १९८३ च्या कायदेसंहितेने दरवर्षी दीर्घ आराधना करण्याची शिफारस केली आहे, पण पुरेसे भाविक येणार असतील तरच. आराधनेसाठी मांडलेला साक्रामेंत क्षणभरही एकटा ठेवू नये, असे २००४ च्या रोमच्या सूचनापत्रात स्पष्ट म्हटले आहे. रात्रीचा एखादा तास रिकामा राहिला, तर आराधना तेथेच थांबवून साक्रामेंत पवित्र पेटीत परत ठेवावा लागतो. दुसऱ्या पाळीहून सुटलेल्याला मध्यरात्रीनंतरचा तास देता येईल, रात्रपाळीहून परतणाऱ्याला सकाळी आठचा. त्यासाठी नावांची यादी करणाऱ्याने आधी प्रत्येकाला त्या आठवड्याची पाळी विचारायला हवी.