एका कृष्णविवराचा शेवटचा दिवस

विश्वाच्या पहिल्या क्षणांत जन्मलेलं, तेव्हा सुमारे ५० कोटी टन वजनाचं आणि प्रोटॉनएवढं असलेलं एक कृष्णविवर आज संपत आलं आहे, असं धरू. असं विवर अजून सापडलेलं नाही. पण स्टीफन हॉकिंग यांनी १९७४ मध्ये मांडलेल्या सिद्धांतावरून त्याचा अंत तासागणिक सांगता येतो.

२४ तास बाकी
वस्तुमान सुमारे ६० हजार टन, आकार प्रोटॉनच्या दहा हजाराव्या हिश्शाएवढा. दर सेकंदाला सुमारे २३० किलो वस्तुमान प्रारण होऊन निघून जातं आहे. हे प्रारण विवराच्या पोटातून येत नाही. तिथून काहीच परतत नाही. पण निर्वात पोकळीतली क्वांटम क्षेत्रंही कधी पूर्ण स्थिर नसतात. विवराच्या सीमेभोवतीच्या, म्हणजे घटनाक्षितिजाभोवतीच्या, वक्र अवकाशकालात त्यांचीच चुळबुळ दूरवर खऱ्या कणांच्या रूपात पोचते आणि तेवढीच ऋण ऊर्जा क्षितिजाआड जाते. कण जन्मतात बाहेर, झिजतं मात्र विवर.

३ तास
वस्तुमान निम्मं. पहिला अर्धा भाग जायला २१ तास लागले, दुसऱ्याला ३ तास पुरतील. निखारा उष्णता देत देत विझतो. विवर देत देत अधिकच तापतं. वस्तुमान निम्मं झालं की तापमान दुप्पट आणि झिजेचा वेग चौपट. सूर्याएवढ्या विवराला हा धोका आज नाही. ते २.७ केल्व्हिनच्या वैश्विक पार्श्वप्रारणापेक्षाही थंड असतं, त्यामुळे गमावतं त्याहून जास्त गिळतं.

५३ मिनिटं
एक तृतीयांश उरलं. सेकंदाला दोन टन जात आहेत.

८६ सेकंद
एक दशांश, म्हणजे ६ हजार टन. आता सेकंदाला २३ टन. मेक्सिकोत सिएरा नेग्राच्या उतारावर, ४,१०० मीटर उंचीवर, हॉक वेधशाळेच्या पाण्याच्या टाक्या अशा अंतिम स्फोटातून येणाऱ्या गॅमा किरणांच्या खुणा शोधतात. आजवर असा एकही स्फोट नोंदला गेलेला नाही.

१ सेकंद
सुमारे १,३०० टन. तापमान जवळपास ९ वर १६ शून्यं इतके केल्व्हिन. हे सगळं वस्तुमान पुढच्या एका सेकंदात ऊर्जा होणार.

शून्य
विवर काही मायक्रोग्रॅमवर आलं की हॉकिंग यांचं गणित थांबतं. तिथून पुढे गुरुत्वाकर्षणाचा क्वांटम सिद्धांत लागतो आणि तो अजून पूर्ण झालेला नाही. विवरात पडलेल्या गोष्टींची माहिती या प्रारणातून परत मिळते का, हा १९७६ पासूनचा वादही इथेच येऊन अडतो.

तरीही हा स्फोट टिपण्याची धडपड सार्थ आहे. गुरुत्वाकर्षण कणाचा विद्युतभार पाहत नाही, जातकुळी विचारत नाही. तापमान पुरेसं असेल तर निसर्गात असलेला प्रत्येक मूलकण, कदाचित कृष्णद्रव्याचाही, या प्रारणात असलाच पाहिजे. असा एकच स्फोट नीट मोजता आला, तर निसर्गातल्या मूलकणांची यादी किती लांब आहे, हे त्या एका सेकंदातून कळेल.